असईचा फिरलेला मोहरा : शिंदेशाही कंपूंची कवाईत आणि संगीन

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, भोकरदनच्या पूर्वेस, केळणा आणि जुई या दोन लहान नद्या काही अंतर शेजारी शेजारी वाहतात आणि पुढे एकत्र होतात. त्यांच्या बेचक्यात, जुईच्या काठी, असई हे खेडे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी या बेचक्यात दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांची आर्थर वेलस्लीच्या फौजेशी गाठ पडली. या लढाईचे वृत्तान्त इंग्रजीत आणि मराठीत पुष्कळ आहेत. वेलस्लीने हेरलेला नदीचा उतार, मराठ्यांच्या तोफांचा भडिमार, स्कॉटिश पलटणींचे धैर्य यांची वर्णने त्यांत विस्ताराने येतात. एक घटना मात्र बहुधा एका वाक्यात उरकली जाते. दक्षिणेकडे तोंड करून उभे असलेले सुमारे दहा हजार पायदळ, शत्रू नदी उतरत असताना, काटकोनात फिरून पूर्वाभिमुख झाले. वेलस्लीची सारी मसलत हे घडणार नाही या अंदाजावर उभी होती. ते घडले कसे, याचा विचार केल्यावाचून शिंद्यांच्या कवायती पायदळाविषयी रूढ असलेल्या मतांची परीक्षा होऊ शकत नाही.

ते रूढ मत थोडक्यात असे : मराठ्यांनी गनिमी कावा सोडला, कवाईत धरली आणि तेथेच त्यांचा नाश ओढवला. एकोणिसाव्या शतकापासून हे मत निरनिराळ्या स्वरूपांत मांडले गेले. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरील १९२८ च्या ग्रंथात फौजेतील परक्यांच्या भरतीकडे विशेष लक्ष वेधले. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा सर्व विषय नव्याने तपासला आणि मराठ्यांच्या तोफखान्याची व पायदळाची योग्यता इंग्रजांच्या तोडीची होती, असे प्रतिपादन केले. या वादात ‘कवाईत’ हा शब्द वारंवार येतो. पण कवाईत म्हणजे नेमके काय आणि शिपायाच्या हातून ती काय करवून घेते, हा प्रश्न क्वचित् विचारला जातो.

‘कवाईत’ हा शब्द अरबी ‘कायदा’ शब्दाच्या ‘कवाइद’ या अनेकवचनापासून आला. त्याचा मूळ अर्थ नियम. हे नियम बंदुकीसाठी निर्माण झाले अशी सामान्य समजूत आहे, पण ती पुरती खरी नाही. पायदळाला पावले मोजून चालावयास प्रथम भाल्याने शिकविले. मॅसिडोनियाच्या व्यूहातील शिपाई लांब भाले घेऊन एकामागे एक अशा अनेक रांगांत उभे राहत. एकाचे पाऊल चुकले तर त्याचा भाला शेजाऱ्याच्या भाल्यात अडके आणि व्यूहाला खिंड पडे. हे व्यूहशास्त्र ग्रीक लेखक ईलियन याने ग्रंथरूपाने ठेवले होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलंड्समध्ये स्पेनशी लढणाऱ्या नासाउ घराण्यातील सेनानींनी तो ग्रंथ पुन्हा उघडला. विल्यम लुईने १५९४ मध्ये आपला चुलतभाऊ मॉरिस याला पाठविलेल्या पत्रात ईलियनच्या आधाराने बंदूकवाल्यांच्या रांगा आळीपाळीने पुढे-मागे करण्याची युक्ती मांडली. १६०७ मध्ये याकोब दे खेइन याचे चित्रमय कवाईतपुस्तक हेग येथे निघाले. त्यात हलक्या बंदुकीच्या ४२, जड बंदुकीच्या ४३ आणि भाल्याच्या ३२ अवस्था चितारल्या असून प्रत्येक अवस्थेस स्वतंत्र आज्ञाशब्द दिला आहे. भाला उभा धरणे, खांद्यावर घेणे, आडवा करणे, टेकविणे, अशी एकच सलग हालचाल तुकड्यांत तोडून प्रत्येक तुकड्याला नाव द्यावयाचे आणि ते नाव कानी पडताच शेकडो हात एकदम हलवावयाचे, ही कवाईतीची मूळ कल्पना होय. आज्ञेचे दोन भाग पडतात, तेही याचसाठी. पहिला भाग शिपायाला सावध करतो, दुसरा कृती करवितो, आणि दोहोंमधील विरामात सबंध पलटण श्वास रोखून उभी असते.

त्या युगातला पायदळी भाला सुमारे १८ फूट लांब असे. बंदूकवाल्याला बार भरण्यास वेळ लागे आणि तेवढ्या वेळात घोडेस्वारांपासून त्याचे रक्षण भालेकरी करीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीच्या नळीवर खोबणीने बसणारी संगीन प्रचारात आली आणि भालेकऱ्यांची गरज संपली, कारण आता प्रत्येक बंदूकवाला स्वतःच भालेकरी झाला. फ्रान्सने १७०३ मध्ये पायदळातून भाला काढून टाकला. मात्र या बदलाने एक नवी अडचण उभी केली. संगीन चढविलेली बंदूक सहा-साडेसहा फूट भरे. घोडेस्वाराच्या भाल्यापुढे ती आखूडच पडे. एकट्या शिपायाच्या हातात हा आखूड भाला फारसा कामाचा नव्हता. त्याला बळ येई ते शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा भिडल्यामुळे आणि मागच्या रांगेच्या संगिनी दोन शिरांमधून पुढे आल्यामुळे. शस्त्र आखूड झाले तशी कवाईत अधिक कडक व्हावी लागली.

मराठी पायदळात भाला नव्हता असे नाही. भाला, बर्ची, दोरी बांधलेला विटा ही शस्त्रे येथे जुनी आहेत. राजदरबारी ‘भालदार’ हा शब्द ‘चोपदारा’शी जोडीने टिकून राहिला, त्यावरूनही भालाईताची प्रतिष्ठा दिसते. परंतु या शस्त्रांचे कौशल्य व्यक्तीचे होते. विटेकऱ्याला फेकण्यास व ओढून घेण्यास मोकळी जागा हवी. पट्टेकऱ्याला तर त्याहून अधिक. डोंगराळ मुलखात, घाटात, किल्ल्याच्या तटावर हेच कौशल्य कामाचे होते. तेव्हा मावळ्यांना कवाईत ठाऊक नव्हती असे म्हणून त्यांच्या युद्धकलेत उणीव दाखविणे अप्रस्तुत आहे. ज्या भूमीवर ते लढले, तेथे खांद्याला खांदा लावून उभे राहणे हा मूर्खपणा ठरला असता.

एक गोष्ट मात्र मराठी पायदळाजवळ पूर्वीपासून होती, आणि कवाईतीच्या दृष्टीने ती शस्त्राहून महत्त्वाची आहे. सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पायदळाची रचना सांगितली आहे. दहा माणसांमागे एक नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, अशी ही उतरंड होती. आज्ञा वरून खाली नेण्यासाठी पायऱ्या लागतात, आणि त्या येथे होत्या. दख्खनच्या फौजांतील नाईक व हवालदार ही पदे पुढे कंपनीच्या पलटणींनी उचलली. कंपनीकडून शिकलेल्या युरोपियनांनी तीच पदे शिंद्यांच्या पलटणींत परत आणली, हा एक गमतीचा फेरा होय. ‘पलटण’, ‘कंपू’, ‘गारदी’, ‘कुमेदान’ हे शब्द बाहेरून आले. पण ज्या माणसाच्या तोंडून हुकूम शिपायाच्या कानापर्यंत पोचत असे, त्याचे नाव देशी होते.

या मुलखाला कवायती पायदळाचे दर्शन शिंद्यांच्याही आधी झाले होते. १७५१ नंतर बुसीच्या फ्रेंच पलटणी निजामाच्या बाजूने औरंगाबाद परिसरात वावरत होत्या. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे भाऊसाहेबांकडे आला. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी त्याने जे केले त्याचे वर्णन काशिराजाने केले आहे. दोन पलटणी बगलेच्या रक्षणासाठी तिरप्या उभ्या केल्या आणि उरलेल्या सात घेऊन, गोळीबार थांबवून, तो रोहिल्यांवर चालून गेला. बगलेकडे वेगळा मोहरा करून समोर चालून जाणे हे कवाईतीवाचून अशक्य होते. गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण केली. त्यांच्या शौर्याचा लाभ इतर फौजेला घेता आला नाही, हा इतिहास सर्वांस परिचित आहे.

महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये बेन्वा द ब्वाञ याला चाकरीस ठेवले. हा १७५१ साली सॅव्हॉयमध्ये जन्मलेला गृहस्थ. त्याने फ्रेंच राजाच्या आयरिश पलटणीत, रशियनांकडे आणि मग कंपनीच्या मद्रास पायदळात नोकरी केली होती. दोन पलटणींपासून त्याने आरंभ केला आणि दशकभरात संपूर्ण कंपू उभे केले. त्याच्या यशाचे अर्धे रहस्य परेडीच्या मैदानावर होते, तर अर्धे हिशेबाच्या वहीत होते. दुआबातील जायदादीतून शिपायांचा पगार वेळेवर मिळे. पगार थकलेल्या शिपायाकडून रोज सकाळी तीच ती हालचाल करून घेणे कोणत्याही सेनापतीस साधलेले नाही. पाटण (२० जून १७९०) आणि मेडता (१० सप्टेंबर १७९०) या दोन लढायांत या शिक्षणाची परीक्षा झाली. मेडत्यास एक अधिकारी आज्ञेवाचून तीन पलटणी घेऊन पुढे घुसला, रांगेत खिंड पडली आणि राठोडांचे घोडदळ आत आले. द ब्वाञने उरलेल्या पलटणींचा पोकळ चौकोन बांधविला. चारही बाजूंस संगिनी, मध्ये मोकळी जागा. राठोडांनी पुन्हा पुन्हा घोडी घातली, पण चौकोन फुटला नाही. पूर्वी १८ फुटी भाल्यांनी जे काम केले असते, ते येथे सहा फुटी बंदुकांनी केले. संगिनीचा हा चौकोन म्हणजे जुन्या भालेकऱ्यांच्या व्यूहाचा थेट वारस होता.

द ब्वाञ १७९५ च्या अखेरीस चाकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी पेराँ आला. महादजी १७९४ मध्येच निवर्तले होते. १८०३ मध्ये युद्ध पेटले तेव्हा शिंद्यांच्या दक्षिणेतील पायदळाचे तीन भाग होते. पोलमन याच्या हाताखाली सुमारे ६,०००, बेगम समरूच्या सालर याच्या हाताखालील पलटणींत सुमारे २,५००, आणि द्युपाँ याजकडे सुमारे २,००० शिपाई होते. पोलमन हा हानोव्हरचा राहणारा असून एके काळी सार्जंट होता. त्याच्या शिपायांत मोठा भरणा उत्तर हिंदुस्थानातील लोकांचा होता.

वेलस्लीने ऑगस्टमध्ये अहमदनगर घेतले. कर्नल स्टीव्हन्सनने २ सप्टेंबर रोजी जालन्याचा किल्ला घेतला. २१ तारखेस बदनापूर येथे दोघांची भेट झाली, आणि वेगळ्या मार्गांनी जाऊन २४ तारखेस शत्रूवर एकत्र हल्ला करण्याचे ठरले. २३ रोजी नळणीजवळ पोचल्यावर मराठ्यांची छावणी अगदी नजीक असल्याचे वेलस्लीस कळले. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने चालून जाण्याचे ठरविले. मराठ्यांचे पायदळ केळणेच्या उत्तर काठी, नदीकडे तोंड करून उभे होते. समोरून नदी उतरणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे. वाटाड्यांनी दुसरा उतार नाही असे सांगितले. परंतु इंग्रज कागदांत ज्यांची नावे पीपलगाव व वारूर अशी येतात, ती दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली. समोरासमोरच्या गावांमध्ये ये-जा असणारच, असे अनुमान करून तो तिकडे वळला, आणि अनुमान खरे ठरले. अशा रीतीने तो मराठ्यांच्या डाव्या बगलेवर, दोन नद्यांच्या चिंचोळ्या जागेत आला.

मराठे जागच्या जागी राहतील आणि आपण त्यांच्या रांगेच्या टोकावर आदळू, असा त्याचा हिशेब होता. पोलमनने तो उधळून लावला. त्याने पायदळ व तोफा फिरवून केळणेपासून असईपर्यंत सुमारे एक मैल लांबीचा नवा मोहरा धरला. उजवी बाजू केळणेवर, डावी असईवर.

ही हालचाल वाचताना सोपी वाटते. दार बिजागरीवर फिरावे तशी रांग फिरली असेल अशी कल्पना होते. पण भूगोल तसे होऊ देत नाही. दक्षिणेकडे तोंड असलेली रांग डावीकडे म्हणजे पूर्वेकडे वळवायची, तर डावे टोक स्थिर ठेवून उजवे टोक पुढे आणावे लागते, आणि पुढे तर नदी होती. तेव्हा दोनच मार्ग उरतात. डाव्या बाजूने पाठ न दाखविता मागे सरत जायचे. किंवा रांग मोडून तिच्या लहान लहान तुकड्या करावयाच्या, प्रत्येक तुकडी जागच्या जागी वळवावयाची, तुकड्यांमध्ये नेमके अंतर राखीत स्तंभाने नव्या रेषेवर जावयाचे आणि तेथे पुन्हा रांग धरावयाची. दुसरा मार्ग त्या काळच्या युरोपीय कवाईतीचा प्रमुख पाठ होता. यात तुकड्यांमधील अंतर तुकडीच्या रुंदीइतकेच राहिले पाहिजे. ते कमी पडले तर रांग धरताना माणसे एकमेकांवर येतात, अधिक झाले तर रांगेत खिंडारे राहतात.

डंडसच्या १७९२ च्या इंग्रजी नियमावलीतील मापे हिशेबासाठी घेतली तर या कामाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. पाऊल ३० इंचांचे. साधी चाल मिनिटाला ७५ पावले, जलद चाल १०८. म्हणजे साध्या चालीने मिनिटास साडेबासष्ट यार्ड आणि जलद चालीने ९० यार्ड अंतर कापले जाते. एक मैल लांबीची रांग काटकोनात नव्या जागी न्यायची, तर तिच्या दूरच्या टोकास सरळ रेषेने सुमारे २,४९० यार्ड चालावे लागते. त्यास साध्या चालीने ४० मिनिटे आणि जलद चालीने २८ मिनिटे लागतील. रांगेच्या लांबीचाही मेळ बसतो. १०,८०० माणसे तीन रांगांत उभी केली आणि माणसामागे २२ इंच धरले, तर २,२०० यार्ड होतात. एक मैल म्हणजे १,७६० यार्ड. हे गणित ढोबळ आहे. तोफांची जागा त्यात धरलेली नाही आणि असईच्या बाजूस दाटी झाली असणार. तरी त्यावरून एवढे निश्चित दिसते की या पायदळाला विस्कळीत होण्याची मुभा कोठेच नव्हती. अर्ध्यापाऊण तासात, डोळ्यांपुढे शत्रू नदी उतरत असताना, बैलांनी ओढावयाच्या तोफांसह हे सारे पार पडले. एका पोलमनच्या तोंडचा हुकूम मैलभर ऐकू जात नाही. तो पलटणीपलटणींच्या अधिकाऱ्यांकडून सुभेदाराकडे, जमादाराकडे, हवालदाराकडे आणि नाइकाकडे जात असतो, आणि मधली एक कडी जरी कच्ची असती तरी मोहरा फिरला नसता.

नव्या मोहऱ्यापुढील तोफांनी इंग्रजांची अतोनात हानी केली. वेलस्लीच्या डाव्या बाजूस केळणेलगत ७८ वी हायलंडर पलटण होती. ती तोफा ओलांडून पुढे आली, सुमारे ६० यार्डांवरून एक फैर झाडली आणि संगिनी रोखून धावली. येथे पोलमनची उजवी बाजू ढळली. संगिनीला संगीन भिडण्याआधीच रांग मोडली, हे मान्य केले पाहिजे. कवाईत मोहरा फिरवू शकते. पण फिरलेल्या मोहऱ्याला, त्याच्या आधाराच्या तोफा हातच्या जात असताना, उभे ठेवण्याचे काम तिच्या एकटीच्या शक्तीबाहेरचे असते. गोलंदाज मात्र तोफांपाशीच मारले गेले. त्यांतील काहींनी मेल्याचे सोंग घेऊन, इंग्रज पुढे गेल्यावर तोफा उलट फिरविल्या. त्या परत घेण्याच्या झटापटीत वेलस्लीचा डायोमीड हा घोडा भाल्याने जखमी झाला. त्याच दिवशी त्याचा दुसरा एक घोडा गोळीने पडला होता. संगिनीच्या या लढाईत खऱ्या भाल्याने इंग्रज सेनापतीला इतक्या जवळून गाठले.

इंग्रजांच्या उजव्या बाजूस कर्नल ऑरॉकच्या चुकीमुळे पुढची तुकडी व तिच्यामागून ७४ वी पलटण थेट असईच्या तोफांपुढे गेली. तिचे बहुतेक अधिकारी ठार अथवा जखमी झाले. उरलेल्यांनी चौकोन बांधला आणि मॅक्सवेलचे घोडदळ मदतीस येईपर्यंत मराठा स्वारांना दूर ठेवले. मेडत्यास द ब्वाञच्या शिपायांनी राठोडांविरुद्ध जे केले, तेच १३ वर्षांनी असईस स्कॉटिश शिपायांनी मराठ्यांविरुद्ध केले. दोन्हीकडचे शिक्षण एकाच शाळेतले होते. मॅक्सवेल पुढे याच लढाईत पडला. ढळलेल्या मराठा पायदळाने जुईकडे पाठ करून पुन्हा एकदा मोहरा धरला आणि मग नदी ओलांडून माघार घेतली. इंग्रजांच्या हाती ९८ तोफा आल्या. त्यांचे ४२८ ठार, १,१३८ जखमी व १८ बेपत्ता झाले. लढाईनंतरच्या पत्रांत वेलस्लीने, कंपनीचे पायदळ वगळता हिंदुस्थानात आपण पाहिलेले सर्वोत्तम पायदळ हेच, असे लिहिले आणि टिपूच्या पायदळाहून त्यास श्रेष्ठ ठरविले.

मग उणीव कोठे होती? दोन्ही राजांनी रणांगणाची सूत्रे हाती घेतली नाहीत. हजारोंच्या संख्येने असलेले घोडदळ जवळजवळ प्रेक्षक राहिले; पायदळाच्या हालचालीशी त्याचा मेळ घालणारे कोणी नव्हते. त्याहून खोल कारण अधिकाऱ्यांच्या निष्ठेत होते. ऑगस्ट १८०३ मध्ये कंपनी सरकारने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश प्रजाजनांना ती सोडण्यास सांगितले आणि उपजीविकेची हमी दिली. कित्येक गेले. सप्टेंबरात खुद्द पेराँने चाकरी सोडली. वर्षानुवर्षे आज्ञाशब्द उच्चारणारा आवाज ऐन युद्धात नाहीसा झाला. यशवंतराव होळकरांनी १८०४ मध्ये, कंपनीशी लढण्यास तयार नसलेल्या विकर्स आदी तीन अधिकाऱ्यांचा शिरच्छेद केला. विकर्सनेच १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत त्यांना जय मिळवून दिला होता. त्या क्रौर्याचे समर्थन करण्याचे कारण नाही, पण यशवंतरावांना पेच कळला होता एवढे त्यावरून दिसते.

शिपायांची कवाईत त्या आवाजावाचूनही जिवंत होती, याचा पुरावा १ नोव्हेंबर १८०३ च्या लासवारीच्या लढाईत मिळतो. तेथे शिंद्यांच्या पलटणी बहुतांशी युरोपियन अधिकाऱ्यांवाचून लढल्या आणि जागा न सोडता कापल्या गेल्या. या पायदळावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची शाश्वती नव्हती, असे सेनापती लेकने स्वतःच कळविले. असईस मोहरा फिरविणारे नाईक-हवालदार आणि लासवारीस जागेवर मरणारे नाईक-हवालदार एकाच घडणीचे होते. त्यांना सुभेदारीच्या वर नेऊन सबंध कंपूचा हुकूम त्यांच्या तोंडी देण्याचा विचार महादजींच्या पश्चात् कोणी केला नाही. कवाईत परकी राहिली नव्हती. परकी राहिली होती ती तिची वरची पायरी.

पोलमन असईतून बचावला आणि पुढे कंपनीच्याच नोकरीत शिरला. ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी झालेल्या तहात प्रदेशांच्या कलमांबरोबर आणखी एक कलम आहे. इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय अथवा अमेरिकन सत्तेचा प्रजाजन, आणि विशेषेकरून कोणीही फ्रेंच, शिंद्यांनी इंग्रज सरकारच्या संमतीवाचून चाकरीस ठेवू नये, असे त्यात लिहून घेतलेले आहे.